आमच्या बाकावरची इंग्रजी अक्षरं

दारव्ह्याच्या हायस्कुलात आमच्या वर्गात मुलींचे दोनच बाक होते, तेही फळ्याच्या अगदी नाकासमोर. मागे सगळी मुलं. आम्ही पाच-सहाजणी काही कुजबुजलो तर मागच्यांना ऐकू जायचं, आणि समोर सर असायचेच. त्यामुळे आम्हाला एका वेगळ्या भाषेची गरज होती. ती आम्हाला इंग्रजीच्या सरांनीच दिली, त्यांना न कळता.

सर वह्या तपासताना रोज एकच वाक्य म्हणायचे, "आयझवर टिंबं द्या, टीझला काट द्या." एक असलं तर आय, पुष्कळ असले तर आयझ. आम्हाला याची फार गंमत वाटायची. मराठीत दोन 'क' असले तरी ते 'क'च राहतात. इंग्रजीत मात्र एवढंसं अक्षर, पण त्याचंही बिऱ्हाड वाढतं. मग आम्हीही अक्षरांची बिऱ्हाडं मांडायला लागलो. पेपरात भोपळे मिळाले की ओझ. गुडघे फाकवून मागच्या बाकावर बसणारी मुलं म्हणजे डब्ल्यूझ. "डब्ल्यूझ बघताहेत" असं म्हटलं की आम्ही पदर, रिबिनी सावरून बसायचो. सर समजायचे, मुली पाठांतर करताहेत.

एम्स हा शब्द माझ्या वहिनीने आणला. ती अमरावतीची, मॅट्रिक झालेली, नुकतीच लग्न होऊन आमच्या घरात आलेली. महिन्याची पाळी म्हणजे एम्स, इंग्रजीतल्या महिन्याच्या शब्दाचं ते पहिलं अक्षर. घरात पुरुषमाणसं असली की ती मला हळूच म्हणायची, "आईंना सांग, माझे एम्स आलेत." मी तो शब्द शाळेत नेला. त्याची आम्हाला सगळ्यात जास्त गरज होती.

आणि एल्स हा शब्द मी काढला. आमच्या भागात बंजाऱ्यांना लोक लमाण म्हणतात. त्याचा एल. वर्गात तांड्यावरची मुलगी एकच होती, पण आम्ही तिच्यासाठी कधी नुसतं एल म्हटलं नाही. एल्सच म्हणायचो. ती एकटी आली तरी आमच्या तोंडी तिची अख्खी जात यायची. आज हे लिहिताना मला ते दिसतं. तेव्हा वाटायचं, मी काय हुशार शब्द काढलाय.

ही मुलगी आमच्याच घरी राहायची.

माझे वडील वकील. जवळच्या एका तांड्याचे नायक, म्हणजे तिथले प्रमुख, त्यांचे जुने पक्षकार होते. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षातली गोष्ट. नायकांच्या जमिनीचा दावा त्यांच्या बाजूने सुटला. वडिलांनी त्यांना ओसरीवर बसवून चहा दिला आणि विचारलं, "बोला नायक, आता आणखी काय पाहिजे?"

"काही नाही साहेब," नायक म्हणाले. "पोरगी हाय माही. सातवी पास झाली. म्हणते मॅट्रिक होतो अन् ग्रामसेविका होतो. एक ग्रामसेविका आल्ती तांड्यावर, तवापासून तेच धरून बसली. पोरगी तुमच्या घरी कोपऱ्यात पडून राहीन. तांड्यात एक बी पोरगी मॅट्रिक नाही साहेब."

वडील म्हणाले, "पाठवा."

आईला हे संध्याकाळी कळलं. ती भांडली नाही. आई कधीच भांडायची नाही, ती अटी घालायची. मुलगी मागच्या पडवीत झोपेल, तिथेच जेवेल, स्वयंपाकघरात येणार नाही. "आणि महिन्याचे चार दिवस बाजूला बसेल. माझी लेक बसते, सून बसते, तशी तीही बसेल. घरात राहायचं तर घरचं पाळायचं." वडिलांना हे फार समतेचं वाटलं. ते खूश होऊन कचेरीच्या खोलीत गेले.

बाजूला बसणं म्हणजे काय, हे आता माझ्या मुलींना सांगावं लागतं. परसदारी एक अंधारी खोली होती. त्यात एक चटई, एक कांबळं, एक तांब्या. तीन दिवस तिथे. कशाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. पुस्तकाला तर मुळीच शिवायचं नाही, त्यात सरस्वती असते. म्हणजे शाळा नाही. दर महिन्याला वर्गातली एकेक मुलगी चार दिवस गैरहजर राहायची, परत आली की डब्ल्यूझ तोंडावर हात ठेवून हसायचे. बुडालेला अभ्यास कधी भरून निघायचा नाही.

नायकांची मुलगी आल्यावर पहिल्यांदा मी बाजूला बसले तेव्हा ती पडवीच्या खांबाला टेकून लांबूनच माझ्याशी बोलली.

"तू शाळेत काहून नाही आली?"

"पुस्तकाला शिवायचं नसतं."

"पुस्तकाले समजते?"

मी म्हणाले, "तुमच्यात नसतं का असं?"

"आमची याडी त्याच दिवशी कापूस वेचाले जाते," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. "बसून राह्यली तं पाणी कोण आणन? तुया आईले बसता येते, कारण तुमच्या घरी मोलकरीण हाय."

मला राग आला. पण ती काही टोचून बोलली नव्हती. ती तशीच बोलायची, जे दिसेल ते. थोड्या दिवसांनी तिनेच मला विचारलं, "एल्स म्हणजे कोण?" मी म्हणाले, "लाँग. उंच मुली." ती माझ्यापेक्षा उंच होती खरी. ती म्हणाली, "मंग मी बी एक अक्षर काढलं तुमच्यासाठी. बीझ. बसणाऱ्या." आणि इतकी हसली की मलाही हसू आलं. तिला एल्सचा अर्थ पहिल्या दिवसापासून माहीत होता, हे मला तिच्या त्या हसण्यात कळलं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

ती हुशार होती. घरात बंजारा बोली, बाहेर वऱ्हाडी, बाजारात हिंदी, आणि आता ही चौथी इंग्रजी. माझे वडील मला तिसरीपासून इंग्रजी शिकवत होते. दीड वर्षात श्रुतलेखनात ती माझ्या पुढे गेली. सर वर्गात म्हणाले, "वकिलांच्या घरातला पहिला नंबर हललेला नाही, फक्त खोली बदलली." मुलं हसली. मीही हसले. मला ते वाक्य अजून पाठ आहे.

ती पुढे गेली त्याचं एक कारण आम्हा दोघींनाच माहीत होतं. ती चार दिवस बुडवत नव्हती. तिचे एम्स आले की ती कोणाला सांगायचीच नाही. आईला हिशेब लागायचा, म्हणून मग शनिवार-रविवारला जोडून आलेली एखादी सुटी बघून, काही नसताना, ती बाजूच्या खोलीत जाऊन बसायची. आई समाधानी. शाळा बुडायची नाही. हे तिने मला विहिरीवर धुणं धुताना सांगितलं.

"तुले बी जमन," ती म्हणाली. "बीझमधून नाव काढून टाकू तुझं."

"आणि काही झालं म्हणजे?"

"काय होते? मी दिवाळीपासून करून राह्यली. तुमचं घर पडलं काय?"

सहामाही परीक्षेच्या वेळी माझी वेळ आली आणि मी तिचं ऐकलं. सकाळी मी तुळशीला पाणी घातलं आणि ती वाळते का ते बघत उभी राहिले. काही झालं नाही. तुळस तशीच राहिली. मी पेपर लिहिला. नंतर तीन दिवसांची सुटी बघून, काही नसताना, मी बाजूला बसले. ती खोलीच्या दाराशी येऊन म्हणाली, "कशी बसली बघा, जशी खरीच." आम्ही दोघी तोंडात परकर कोंबून हसलो. ते हसणं आठवलं की मला अजून बरं वाटतं. तेवढंच एक बरं वाटतं.

असं आम्ही बरेच महिने केलं. मी तिच्याच वाटेने चालले होते, हे पुढचं वाचताना लक्षात ठेवावं.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या असायच्या. त्या माझ्या आईच्या वर्षाचा कळस होत्या. दोन्ही मुखवटे आजेसासूपासून चालत आलेले. साड्या नेसवून उभ्या केल्या की आई त्यांच्याशी माहेरवाशिणींशी बोलावं तशी बोलायची. दुसऱ्या दिवशी जेवण. पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, कढी. गावातल्या सवाष्णी, वडिलांचे वकील स्नेही, कोर्टातले लोक. पहाटेपासून सोवळं. त्या वर्षी आईने एक मोठी गोष्ट केली. तिने आपणहून त्या मुलीला माजघराच्या दाराशी बोलावलं आणि म्हणाली, "पोरी, तू फुलं ओव. फुलांना काही होत नाही. तुझा हात हलका आहे." आईच्या हिशेबात हे किती होतं, ते त्या घरात वाढलेल्यालाच कळेल. ती मुलगी दोन दिवस आधीपासून केस धुऊन तयार होती.

आदल्याच आठवड्यात आम्ही दोघी बाजूला बसून झालो होतो. तिचं या खेपेला सुटीतच आल्याने खरं होतं, माझं खोटं. सण सोवळ्यात पार पडावा म्हणून आईने आमची मोजदाद करून घेतली होती आणि ती निश्चिंत होती. आणि जेवणाच्या दिवशी सकाळी मला कळलं की माझे एम्स आले आहेत.

सांगायचं कसं? आठ दिवसांपूर्वी मी तीन दिवस खोलीत काढले होते. ते मग काय होतं? सांगितलं असतं तर सगळे महिने उघडे पडले असते. मी जुनं कापड घेतलं, घडी घातली आणि काही बोलले नाही. फक्त तिला सांगितलं. आम्ही ओसरीवर सतरंजी टाकून झेंडूचे आणि कण्हेरीचे हार ओवायला बसलो तेव्हा मी सुई ओवता ओवता म्हणाले, "माझे आलेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. "उठू नको जास्त," एवढंच म्हणाली. "मी आणतो काय लागते ते."

हार झाले. वहिनीने ते आत नेले. महालक्ष्म्यांना घातले. नैवेद्याची ताटं वाढायला सुरुवात झाली होती. ती मुलगी परसात केळीची पानं धुवायला गेली आणि मी हात धुवायला उठले. वहिनी फुलांच्या काड्या गोळा करायला आली, सतरंजी उचलायला वाकली आणि तशीच थांबली.

सतरंजीच्या कडेला डाग होता. मोठा नव्हता. पण वाळलेला नव्हता.

वहिनीने आजूबाजूला पाहिलं. ओसरीच्या पलीकडे वडील आणि त्यांचे स्नेही बसले होते. तिने अगदी हळू, आमच्या शब्दात विचारलं, "कोणाचे एम्स?"

मला विचार करायला वेळ नव्हता, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. वेळ होता. वहिनी वाकलेली होती, ती सरळ होईपर्यंत वेळ होता. मला आईचा चेहरा दिसला. बाजूची खोली दिसली. आणि, हे पहिल्यांदाच लिहिते आहे, सरांचं ते खोली बदलल्याचं वाक्यही आठवलं. नुसत्या भीतीनं केलं असं लिहिलं असतं तर जरा बरं दिसलं असतं.

मी म्हणाले, "एल्स."

एवढंच. मी तिचं नाव घेतलं नाही. तिच्याकडे बोट दाखवलं नाही. नंतर कित्येक रात्री मी याच गोष्टीला धरून झोपले, की मी तर एक अक्षर बोलले होते.

वहिनी नवी सून होती. नैवेद्य आता दाखवायचाच होता. तिने आत जाऊन आईला सांगितलं. आई बाहेर आली ती सोवळ्यातच. केळीची पानं दोन्ही हातांवर घेऊन ती मुलगी परसातून येत होती. आई मधल्या दारात उभी राहिली.

"तिथेच थांब," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, ओसरीवर पाहुणे होते. "सतरंजीवर काय आहे ते?"

तिने सतरंजीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी पायरीवर ओले हात परकराला पुसत होते.

"मागच्या आठवड्यात बसली होतीस ना तू?" आईने विचारलं.

"बसली होती."

"मग हे काय?"

पानांवरचं पाणी तिच्या पायांवर गळत होतं. तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पण आता रागाने नाही, विचारल्यासारखं. मी काही बोलते का, ते बघत असावी. मी हात पुसत राहिले.

"खोटं बसली होती," ती म्हणाली.

"पहिल्यांदाच?"

"नाही. नेहमीच."

हे तिने खरं सांगितलं. पण त्या दिवशीचं नव्हे. आई एकच वाक्य बोलली, "मी तुला फुलं दिली गं," आणि आत वळली.

मग सगळं पुन्हा. हार उतरवले. पुरण, भाज्या, आंबील, सगळं गुरांपुढे गेलं. आईने आणि वहिनीने विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं, ओल्या लुगड्यानं पुन्हा चुली पेटवल्या. पाहुण्यांना वडिलांनी सांगितलं, जरा अडचण झाली, संध्याकाळी या. त्यांनी ओळखलं, बायकांकडे बघायचं टाळत निघून गेले. ती मुलगी परसातल्या त्या खोलीत जाऊन बसली, कोणी न सांगता.

नवे हार मी ओवले. दुसरं कोण ओवणार? वहिनी चुलीपाशी होती. आई म्हणाली, "तू एकटीच राहिलीस बाई स्वच्छ, तूच कर." मी न्हाऊन आले, धुतलेला परकर नेसून बसले आणि त्याच हातांनी ओवले. आईने ते महालक्ष्म्यांना घातले आणि हात जोडून चूक पदरात घ्या म्हणाली. नैवेद्य झाला. सगळे जेवले. पुरणपोळी छान झाली असं वडिलांचे एक स्नेही दोनदा म्हणाले. काही झालं नाही. घर पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला कचेरीच्या खोलीत बोलावलं. ते कायद्याची पुस्तकं नीट लावत होते, जी आधीच नीट होती.

"तुला हे माहीत होतं का?" त्यांनी विचारलं. "ती सांगत नव्हती, हे?"

वडील मला कधी ओरडले नव्हते. त्या दिवशीही ओरडले नसते. खरं सांगितलं असतं तर त्यांनी आईला सांगितलं असतं, मला बोलणी बसली असती, कदाचित शाळाही बंद झाली असती. कदाचित झाली नसती. पण ती मुलगी राहिली असती, असं मला आजही वाटतं. घरच्या मुलीनेच केलं म्हटल्यावर एकटीला बाहेर कोणी काढलं नसतं.

"नाही," मी म्हणाले.

वडिलांनी मान हलवली. त्यांच्या समतेचा तेवढाच दम होता. आईने त्यांचा शब्द पाळला होता, मुलीने आईची अट पाळली नव्हती, खटला संपला.

महालक्ष्म्या उठल्यावर नायक बैलगाडी घेऊन आले. ती तिची पत्र्याची पेटी घेऊन पडवीतून निघाली. मी विहिरीजवळ उभी होते. ती माझ्यासमोर थांबली तेव्हा मला वाटलं, आता बोलेल. मला ते बोलणं हवं होतं. तिने शिवी दिली असती तर माझं निम्मं ओझं उतरलं असतं.

"चाचणी हाय न पुढच्या हप्त्यात?" ती म्हणाली. "भूगोल कच्चा हाय तुझा. नकाशे पाहून घे."

गाडी गेली. शाळेत मैत्रिणींनी विचारलं तर मी सांगितलं, तिच्या घरी काहीतरी काम निघालंय. नकाशे मी पाहिले.

दिवाळीनंतर नायक पुन्हा आले. डोक्यावर सीताफळांचं टोपलं होतं. वडिलांनी त्यांना बसवलं. आई दाराच्या आत उभी राहिली आणि मी आईच्या मागे. नायकांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"साहेब, पोरीची चुकी झाली," ते म्हणाले. "आमच्यात ते शिवाशिव तुमच्यासारखी नाही, तिले समजलं नाही. मी लय बोललो तिले. आता जे म्हणसान ते पाळन. दीड वर्ष राह्यलं मॅट्रिकले. तेवढं होऊ द्या."

वडिलांनी दाराकडे पाहिलं. आई आतूनच बोलली, कठोरपणे नाही, थकल्यासारखी.

"नायक, चूक असती तर मी पोटात घातली असती. तिने महिनोन् महिने फसवलं. खोटं बोलणारी मुलगी मी माझ्या लेकीजवळ कशी ठेवू?"

नायकांनी टोपलं दाराकडे सरकवलं. मग त्यांनी आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुमची मैतरीण हाय न ते? एका बाकावर बसत होत्या तुम्ही. तुम्ही सांगा न बाईसाहेबाले. ते खोटारडी हाय काय?"

आई मागे वळली. वडिलांनीही पाहिलं. सगळे माझं उत्तर ऐकायला थांबले होते. आणि तेव्हा मला एक गोष्ट कळली, जी आजवर माझ्या मानेवर बसलेली आहे. तिने बापालाही खरं सांगितलं नव्हतं. घरी जाऊन, तांड्यात, आपल्या माणसांतही तिने माझं नाव घेतलं नव्हतं. बापाची बोलणी खाल्ली होती आणि गप्प राहिली होती. का, ते मला माहीत नाही. माझी शाळा तरी राहावी म्हणून असेल. किंवा माझं नाव घेण्याइतकी मी तिच्या लेखी उरले नसेन.

मी म्हणाले, "मला काय माहीत."

नायकांनी पागोटं डोक्याला गुंडाळलं. "बरं साहेब," म्हणाले, आणि वडिलांना रामराम करून पायऱ्या उतरून गेले. टोपलं परत मागितलं नाही. सीताफळं जशी पिकत गेली तशी आम्ही खाल्ली.

उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं वडिलांना कोर्टात कोणाकडून तरी कळलं. पुढच्या वर्षी मी मॅट्रिक झाले. मग अमरावतीला कॉलेज, मग नोकरी, मग यवतमाळात संसार. मी इंग्रजी शिकवते. मुलींना शाळेत मोकळेपणी येता यावं म्हणून मी बोलते, भाषणंही करते. टाळ्या पडतात तेव्हा मी खाली बघते.

आईवडील गेल्यावर मी हे वहिनीला सांगितलं. वाटलं, ती तरी दचकेल. ती तूर निवडत होती. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. त्या कडेला तूच बसली होतीस. ती खांबाकडच्या बाजूला होती."

"मग बोलली का नाहीस?"

"मी नवी सून होते गं," वहिनी म्हणाली. "आणि तू लेक होतीस." ती तूर निवडत राहिली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आपण दोघींनी मिळून पाठवलं तिला परत."

तांडा अजून तिथेच आहे. दारव्ह्याहून जीप जातात. एकदा मी जीपच्या अड्ड्यापर्यंत गेले होते. तांड्याकडची एक बाई सामान सांभाळत बसली होती, तिला मी नायकांचं विचारलं. ती म्हणाली, ते वारले, दोन पावसाळे झाले. मुलीचं विचारायचं माझ्याच्याने झालं नाही. तिच्यापाशी जाऊन मी माफी मागू शकले असते, आणि तिने दिलीही असती, नाहीतर भूगोलाचंच काहीतरी बोलली असती. पण माझ्याकडे उत्तर मागितलं होतं ते तिने नव्हे. तिच्या वडिलांनी विचारलं होतं, ते खोटारडी हाय काय. आणि नायक गेले ते आपली मुलगी खोटारडी होती असंच समजून. मी जीपमध्ये बसले नाही. यवतमाळची एस्टी लागली होती, तीत बसून घरी परत आले.